अहवाल वाचणारा कुणी हवा

(भोपाळ येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



बाबासाहेबांच्या स्मृतीनिमित्त बोलायला यायचे आणि विषय काढायचा सरकारी हिशेबतपासणीचा, याचे काही जणांना नवल वाटले. पण ज्याने नोकरीची सारी वर्षे लेखापरीक्षा खात्यात काढली, त्याला बाबासाहेब ज्या दारातून भेटले त्याच दारातून तो तुम्हांला आत नेणार. ते दार म्हणजे ३० मे १९४९ रोजी घटना समितीत झालेले त्यांचे भाषण. महालेखापरीक्षकाच्या तरतुदीवर चर्चा चालू होती. बाबासाहेब म्हणाले की, राज्यघटनेतला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे; लोकप्रतिनिधींनी जो पैसा ज्या कामासाठी मंजूर केला तो त्याच कामावर आणि तेवढाच खर्च होतो की नाही, हे त्याने पाहायचे आहे; त्याचे कर्तव्य न्यायसंस्थेच्या कर्तव्याहूनही मोठे आहे. आणि पुढे त्यांनी खंतही बोलून दाखवली, की न्यायसंस्थेला आपण जेवढे स्वातंत्र्य दिले तेवढे याला दिलेले नाही.

हे बोलणारा माणूस आकड्यांना घाबरणारा नव्हता. आपल्याच राज्यातल्या महूला जन्मलेल्या या मुलाने पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थकारणावर प्रबंध लिहिला, तो १९२५ साली ग्रंथरूपाने आला. सरकारचा पैसा कुठून येतो, कोणाच्या हातातून जातो आणि जाता जाता कुठे जिरतो, हा त्यांच्या तरुणपणीचा अभ्यास होता. म्हणून महालेखापरीक्षकाबद्दलचे त्यांचे बोलणे मी औपचारिक गौरव समजत नाही. ते एका जाणकाराचे मत आहे.

काही दिवसांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला प्रश्न केला. अमेरिकेत राज्याचा लेखापरीक्षक लोक मत देऊन निवडतात. आमदार आपण निवडतो, सरपंच निवडतो, मग त्यांचे हिशेब तपासणारा आपण का निवडत नाही? त्या वेळी मी काहीतरी घाईचे उत्तर दिले आणि घरी आल्यावर ते मलाच पटेना. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

त्यासाठी आधी थोडे मागे जाऊ. मराठी माणसाचे या गावाशी नाते पहिल्यांदा तलवारीने जुळले आणि लगोलग हिशेबाने. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळात कोंडले आणि ७ जानेवारी १७३८ रोजी इथून जवळच दोराह्याला तह झाला. त्या तहात माळवा होता, तसेच युद्धखर्चापोटी पन्नास लाख रुपयेही होते. लढाई संपली की दुसऱ्या दिवशी कारकून बसतो, ही आपली जुनी रीत. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत अमात्य म्हणजे मुजुमदार. राज्याचा जमाखर्च पाहणारा. पेशवाईत पुण्याच्या हुजूर दप्तरात एकबेरीज नावाचे वेगळे दप्तरच होते. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तिथे येऊन एका ठिकाणी मांडले जात. या सभागृहात नावे पुकारली तर मुजुमदार, फडणीस, पोतनीस, जमेनीस, कारखानीस असे किती तरी उठून उभे राहतील. आडनावांत हिशेब राहिलेला आपल्यासारखा समाज विरळा.

पण एक उणीवही त्या व्यवस्थेत होती, आणि ती सांगितली पाहिजे. हिशेब लिहिणारा, हिशेब तपासणारा आणि कारभार करणारा यांच्यामध्ये भिंत नव्हती. नाना फडणवीसांच्या हिशेबी बुद्धीबद्दल दुमत नाही. पण फडणिशी आणि राज्याचा कारभार एकाच हातात आल्यावर त्या हाताची झडती कोण घेणार? जो खर्च करतो त्याने तपासायचे नाही आणि जो तपासतो त्याने खर्च करायचा नाही, हा नियम आपल्याकडे पुष्कळ उशिरा आला. १६ नोव्हेंबर १८६० रोजी एडवर्ड ड्रमंड हा हिंदुस्थानचा पहिला महालेखापरीक्षक कामावर रुजू झाला. तो दिवस २०२१ पासून लेखापरीक्षा दिन म्हणून पाळतात.

आता आपल्या राज्याकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले तेव्हा राजधानी भोपाळला आली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले, लोकसेवा आयोग इंदूरला, आणि महालेखापालांचे कार्यालय ग्वाल्हेरला. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला ग्वाल्हेर म्हटले की भविष्यनिर्वाह निधी आणि पेन्शन आठवते, कारण त्यांचे कागद तिथून निघतात. त्याच संस्थेचे दुसरे काम मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. भोपाळच्या अरेरा हिल्सवर ऑडिट भवन आहे. समोरून हजारो लोक रोज जातात. आत कोण बसतो? राज्य सरकारचा नोकर नव्हे. हे नीट लक्षात घ्या. घटनेच्या मसुद्यात प्रत्येक राज्याला आपला वेगळा मुख्य लेखापरीक्षक नेमण्याची मुभा देणारी तरतूद होती. चर्चेअंती ती गाळली गेली. केंद्राला आणि सगळ्या राज्यांना मिळून एकच नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे आपण ज्याला कॅग म्हणतो तो, आणि राज्याराज्यांत त्याची माणसे. संघराज्यांमध्ये ही रचना वेगळी आहे आणि माझ्या मते ती शहाणपणाची आहे. भोपाळच्या मंत्र्याला आपला लेखापरीक्षक आवडला नाही, तरी त्याची बदली करणे मंत्र्याच्या हातात नाही.

हा माणूस नेमके काय करतो, ते सांगतो. ऑडिट पार्टी एखाद्या कार्यालयात जाते. दोन-तीन माणसे, एक टेबल, कपाटातून काढलेल्या फायली. कॅशबुक, व्हाउचर, मोजमाप पुस्तके, साठा नोंदवही. सगळे तपासणे अशक्य, म्हणून नमुना घ्यायचा. जिथे शंका आली तिथे प्रश्न लिहायचा. या प्रश्नाच्या कागदाला आमच्याकडे ‘हाफ मार्जिन’ म्हणतात. कागद मधोमध दुमडून एका बाजूला आम्ही प्रश्न लिहायचा आणि दुसरी बाजू उत्तरासाठी कोरी सोडायची. इतकी सभ्य पद्धत दुसऱ्या कुठल्या तपासणीत नसेल. जाब विचारण्याआधीच समोरच्याच्या खुलाशासाठी अर्धा कागद राखून ठेवायचा. उत्तर पटले तर प्रश्न तिथेच मिटतो. नाही पटले तर तो निरीक्षण अहवालात जातो, त्यातला गंभीर असेल तो परिच्छेद, आम्ही त्याला ‘पॅरा’ म्हणतो, खात्याच्या सचिवाकडे जातो, आणि शेवटी घटनेच्या १५१ व्या कलमाप्रमाणे अहवाल राज्यपालांकडे आणि तिथून विधानसभेच्या पटलावर.

मी नवा असताना एका जिल्ह्यातल्या एका बांधकाम कार्यालयात होतो. एका खेड्यातल्या पाण्याच्या टाकीचे पूर्ण पैसे दिलेले होते, आणि फायलीत पाइप जोडल्याची नोंद नव्हती. मी हाफ मार्जिन दिले. उत्तराची बाजू कोरीच परत आली. पॅरा निघाला, पत्रे गेली, स्मरणपत्रे गेली. पुष्कळ वर्षांनी त्याच रस्त्याने जाताना मी गाडी थांबवली. टाकी उभी होती. खाली बायका हातपंपावर रांगेत उभ्या होत्या. एका आजींना विचारले, टाकीत पाणी कधी येते? त्या म्हणाल्या, बाबा, ती टाकी नाही, तो खांब आहे. त्या दिवशी माझा पॅरा अजून निकाली निघालेला नव्हता. कागदावरचा माझा प्रश्न बरोबर होता, आकडे बरोबर होते, कलम बरोबर होते. पण त्या बाईच्या हंड्यात त्याने एक थेंब पाडला नव्हता. ही बोच घेऊनच मी निवृत्त झालो.

याहून मोठी गोष्ट तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशच्या महालेखापालांचा पोषण आहाराबाबतचा अहवाल बाहेर आला आणि देशभर गाजला. लहान मुले, गरोदर आणि स्तनदा माता, शाळाबाह्य किशोरवयीन मुली यांना घरी न्यायला दिला जाणारा शिधा, त्याची ही तपासणी. लेखापरीक्षकांनी एक साधी गोष्ट केली. शिधा ज्या ट्रकांनी नेल्याचे बिलांत दाखवले होते, त्यांचे क्रमांक त्यांनी परिवहन खात्याच्या नोंदींशी ताडून पाहिले. काही क्रमांक मोटारसायकलींचे निघाले, काही ऑटोरिक्षांचे, काही मोटारींचे. शाळाबाह्य मुलींची संख्या शिक्षण खात्याच्या हिशेबाने सुमारे नऊ हजार होती. महिला व बालविकास खात्याने ती छत्तीस लाखांवर धरली होती. राज्य सरकारने सांगितले की हा अंतिम अहवाल नाही, लेखापरीक्षकाची ती प्राथमिक मते आहेत. हाफ मार्जिनची दुसरी बाजू सरकारची असते, हे मी आत्ताच सांगितले. तो हक्क मी कोणाचा नाकारत नाही. पण ट्रक आणि मोटारसायकल यांतला फरक ओळखायला कोणाचेही मत लागत नाही. अविभाजित बिहारच्या चारा घोटाळ्यातही जनावरे वाहून नेणाऱ्या ट्रकांचे क्रमांक स्कूटरचे निघाले होते. पंचवीस वर्षांनी तीच युक्ती दुसऱ्या राज्यात दिसते, याचा अर्थ पहिल्या वेळचा धडा कोणी वाचला नाही.

आणि न वाचलेल्या अहवालाची किंमत भोपाळला कोणी शिकवायला नको. मे १९८२ मध्ये युनियन कार्बाइडच्याच अमेरिकी तज्ज्ञांनी इथल्या कारखान्याची सुरक्षा-तपासणी केली होती आणि धोक्याच्या जागा लिहून दिल्या होत्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध केले. साप्ताहिकाचे नाव होते ‘रपट’. रपट म्हणजे अहवालच. दोन वर्षांनी, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची वायुगळतीची ती रात्र आली. ती काही पैशाची तपासणी नव्हती, हे मी जाणतो. पण तपासणारा आला होता, त्याने पाहिले होते, त्याने लिहिले होते. एवढे सगळे झाल्यावरही जे राहिले ते फक्त वाचणे आणि वाचून उठणे. या गावात अहवाल या शब्दाला जेवढे वजन आहे तेवढे दुसरीकडे क्वचित असेल.

तर मग त्या मुलाचा प्रश्न. लेखापरीक्षक निवडून द्यावा का?

अमेरिकेत सुमारे निम्म्या राज्यांत तो लोकांच्या मतांनी निवडला जातो. न्यू यॉर्कने १८४६ च्या राज्यघटनेत आपला हिशेबप्रमुख लोकनियुक्त केला. त्यामागची भावना उमदी होती: गव्हर्नरने नेमलेला माणूस गव्हर्नरला काय विचारणार? मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२४ ला मतदारांनी सत्तर टक्क्यांहून जास्त मतांनी ठरवले की लोकनियुक्त लेखापरीक्षकाने विधिमंडळाचेही हिशेब तपासावेत. एवढा कौल मिळूनही विधिमंडळाने आपली दप्तरे उघडून दिली नाहीत आणि भांडण चालूच राहिले. मतपेटी लेखापरीक्षकाला मान देते, पण बंद कपाटाची किल्ली देतेच असे नाही. इंग्लंडने तर १८३५ च्या कायद्याने नगरपालिकांसाठी निवडून दिलेले लेखापरीक्षक आणले होते. ती प्रथा टिकली नाही. हिशेबाचे काम जाणकाराचे आहे हे तिथे अनुभवाने पटले.

आपल्याकडेही लेखापरीक्षकाची निवड होते, ती सहकारी संस्थांत. महाराष्ट्रात २०१३ पासून संस्थेच्या सर्वसाधारण सभेने शासनमान्य यादीतून लेखापरीक्षक निवडायचा असतो. माझ्या नात्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या अशा सभेला मी बसलो होतो. अध्यक्षांनी नाव सुचवले, सचिवांनी अनुमोदन दिले, चहा येत होता, सगळे म्हणाले मंजूर. ज्याचे हिशेब तपासायचे त्यानेच तपासणारा सुचवला आणि सभेने मान डोलावली. सभासदांचा हेतू वाईट नव्हता. पण निवडणूक झाली म्हणजे स्वातंत्र्य आले, असे मी त्या दिवसापासून मानत नाही.

राज्यासाठी हेच मोठ्या प्रमाणावर कल्पून पाहा. उमेदवाराला पक्ष लागेल, प्रचाराला पैसा लागेल, आणि तो पैसा देणाऱ्यांत ठेकेदारही असतील. पाच वर्षांनी पुन्हा निवडून यायचे असेल तर गाजणारे पॅरे शोधावे लागतील आणि किचकट पण खरे पॅरे मागे पडतील. आपल्या घटनेने या उलट वाट धरली. कॅगला सहा वर्षे किंवा वयाची पासष्ट वर्षे, यांपैकी जे आधी येईल तोवरची मुदत. काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढतात त्याच रीतीने. पगार विधिमंडळाच्या मतावर अवलंबून नाही. आणि पद सोडल्यावर केंद्र किंवा राज्य सरकारात पुन्हा नोकरी नाही. शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. उद्याचे आमिष नसलेला माणूस आज खरे लिहू शकतो. म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे: लेखापरीक्षक निवडून देऊ नये.

पण याचा अर्थ आजची नेमणूक निर्दोष आहे असा नाही. घटनेच्या १४८ व्या कलमात त्याची पात्रता काय असावी यावर एक अक्षर नाही. नेमणूक राष्ट्रपतींच्या सहीने होते, निवड प्रत्यक्षात केंद्र सरकार करते. लोकपाल, केंद्रीय दक्षता आयुक्त, मुख्य माहिती आयुक्त यांच्यासाठी समित्या आहेत आणि त्यांत विरोधी पक्षनेत्याला जागा आहे. ज्याला बाबासाहेबांनी सर्वांत महत्त्वाचा म्हटले त्याच्यासाठी नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मागणीच्या याचिकेवर केंद्राला नोटीस दिली. ही मागणी मला न्याय्य वाटते. पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि संसदेच्या लोकलेखा समितीचा अध्यक्ष यांनी एकत्र बसून नाव ठरवावे.

दुसरी फट त्याहून रुंद आहे. अहवाल पटलावर ठेवावा असे १५१ वे कलम सांगते, कधी ठेवावा हे सांगत नाही. दिल्लीत कॅगचे चौदा अहवाल वर्षानुवर्षे पडून होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सरकार बदलले, तेव्हा २०२५ च्या फेब्रुवारीपासून ते सभागृहात येऊ लागले. कुठल्याही पक्षाच्या सरकारला ही सवलत असता कामा नये. अहवाल हाती आल्यापासून ठरावीक दिवसांत तो सभागृहापुढे आलाच पाहिजे, एवढे एक वाक्य घटनेत हवे.

आता खरी निवडणूक कुठे आहे ते पाहा. विधानसभेची लोकलेखा समिती आमदार आपापसांतून, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने, मतदान करून निवडतात. लोकसभेत १९६७ पासून या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. लेखापरीक्षकाने काढलेले पॅरे वाचायचे, सचिवांना समोर बसवून विचारायचे, वसुली आणि कारवाई झाली का याचा पाठपुरावा करायचा, हे काम या निवडलेल्या माणसांचे. म्हणजे आपल्या घटनेने काम वाटून दिले आहे: तपासणारा नेमलेला, वाचणारा निवडलेला. तपासणाऱ्याने आपले काम केले आणि वाचणाऱ्याने केले नाही, तर टाकीचा खांबच होतो. आणि वाचणाऱ्याला निवडून देणारे आपण आहोत. मग आपल्या हातात निवडणूक नाही, असे कसे म्हणायचे?

खालच्या पायरीवर तर सामान्य माणसालाच लेखापरीक्षकाची खुर्ची दिली गेली. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमाने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा हक्क दिला आणि २०११ चे त्याचे नियम कॅगशी सल्लामसलत करून झाले. हजेरीपटावरची नावे गावासमोर मोठ्याने वाचायची. जो मेला तो उठून उभा राहत नाही, आणि जो शहरात गेला त्याची आई सांगते की तो इथे नव्हता. माझ्या तीन-तीन महिन्यांच्या तपासणीत जे हाती लागले नसते ते एका दुपारी बाहेर येते. त्या हातपंपावरच्या आजींना त्या टाकीचे मोजमाप पुस्तक कोणी वाचून दाखवले असते, तर माझ्या पॅऱ्याची गरजच पडली नसती.

माझी तुम्हांला एक विनंती आहे. मध्य प्रदेशचे लेखापरीक्षा अहवाल सभागृहात ठेवल्यावर कॅगच्या संकेतस्थळावर येतात, हिंदीतूनही येतात, आणि ते वाचायला पैसे पडत नाहीत. त्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव शोधा. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, नळयोजना, जे तुमच्या वस्तीतले असेल तेवढेच वाचा. एखादा पॅरा सापडला तर त्याची प्रत काढा, ती घेऊन आपल्या आमदाराकडे जा आणि आपण हे वाचले आहे का, एवढे विचारा. ते कोणत्या पक्षाचे आहेत ते पाहू नका. उत्तर लेखी मागा, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा जा.